वैशूनं दिलेलं उत्तर

"बाई, मशीन कुठंय तुमची?"

फुलंब्रीकडचे एक आजोबा नातीला घेऊन आले होते. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. कपाटात खेळणी, जमिनीवर सतरंजी, टेबलावर रंगीत खडू. मशीन कुठंच नव्हती.

"मशीन नसते आजोबा," मी म्हणाले.

"मग पोरीची भीती मोजणार कशानं?"

"तिच्याशी खेळून, बोलून. तुमच्याशीही बोलून."

आजोबांनी जरा विचार केला, धोतर सावरलं आणि नातीचा हात धरला. "चल. मशीन आली की येऊ."

गेले. अर्ध्या तासानं परत आले, कारण बसस्टँडवर नातीच्या मुठीत आमची मातीची गाय सापडली. इमानदार माणूस, गाय द्यायला आला. नात मात्र सतरंजीवर बसली ती उठेचना. पुढचे दोन तास ती खेळत होती आणि आजोबा खुर्चीत बसून, विचारलं नव्हतं तेही सगळं सांगत होते. जाताना म्हणाले, "मशीन घ्याच पण एखादी. लोकांचा इस्वास बसतो."

मशीन शेवटपर्यंत आली नाही. नोकरीची सगळी वर्षं मी त्या सतरंजीवरच काढली. शहराच्या छावणी भागात, एका जुन्या बैठ्या इमारतीच्या दोन खोल्यांत आमचं मुलांचं केंद्र होतं. उंच छत, लाल कोब्याची जमीन, मागं कडुलिंब. जानेवारीत सकाळी अकरापर्यंत खोलीत गारठा असायचा, म्हणून आम्ही सतरंजी ओढून अंगणात उन्हात न्यायचो आणि तिथंच काम सुरू व्हायचं. कडुलिंबाची पानं मुलांच्या चित्रांवर पडायची. आता ते केंद्र नव्या इमारतीत गेलं आहे. फरशी गुळगुळीत आहे, एसी आहे. गेल्या वर्षी बोलावलं होतं तेव्हा जाऊन आले. सगळं चांगलं आहे. मला उगाचच लाल कोबा आठवत राहिला.

आणि आठवल्या शकीलाबी. हजेरीपत्रकावर त्या 'मदतनीस' होत्या. दार उघडणं, मुलांना पाणी देणं, खेळणी धुऊन वाळवणं ही त्यांची कामं. पण मूल आत आलं की पहिला निकाल त्यांचाच असायचा. "मैडम, ये बच्ची भूकी है, पहले बिस्कुट देव, बाद में सवाल पूछो." मी पदव्या घेऊन बसलेली. बहुतेक वेळा त्यांचं खरं निघायचं.

आमचं काम काय, हे नातेवाइकांनाही मी कधी नीट सांगू शकले नाही. मोठ्या अपघातातून, मारझोडीतून, जवळच्याच्या मृत्यूतून गेलेलं मूल आमच्याकडं यायचं. बरेचदा तक्रार भलतीच असायची. अभ्यासात लक्ष नाही, अंथरूण ओलं करतो, चोरी करते, लागीर झालंय. त्या तक्रारीमागं एखादी घटना अडकून बसली आहे का, हे आम्ही बघायचो. झोप कशी, भूक कशी, कुठल्या आवाजाला दचकतं, कुठल्या रस्त्यानं जायला नाही म्हणतं, खेळात तेच तेच पुन्हा मांडतं का. घरच्यांना वेगळं विचारायचं, शाळेला वेगळं, मुलाला वेगळं. मग अहवाल लिहायचा. त्या अहवालावर मूल कुठं राहणार, कुणाला भेटणार, हे ठरायचं. कागद दोन पानांचा, पण वजन फार.

एकदाच काही भयंकर घडलेलं मूल त्या घटनेला घाबरतं. जीप उलटली, तर जीपला. ज्याच्यावर ते रोज घडतं, त्या मुलाचं तसं नसतं. ते माणसांना घाबरतं आणि जगण्यासाठी त्याच माणसांना बिलगतं. त्याचा सगळा अभ्यास मोठ्यांच्या चेहऱ्यांचा. भुवई हलली की त्याला कळतं, आता काय बोलायचं. हे मी कार्यशाळांमध्ये किती वेळा शिकवलं असेल. तरी मी जी सगळ्यात मोठी चूक केली, ती इथंच.

तिचं नाव आपण वैशू ठेवू. हे नाव तिनंच सुचवलं आहे. गाव अजिंठ्याकडचं, तेवढंच पुरे.

वैशू माझ्याकडं आली तेव्हा सहा वर्षं आणि काही महिन्यांची होती. तिच्या वडिलांचा खून झाला होता आणि त्यासाठी तिची आई, सुनंदा, हर्सूलच्या तुरुंगात होती. वैशू तेव्हा पावणेचार वर्षांची. तिला ठेवून घ्यायला ना आजोळ तयार होतं, ना वडिलांकडचे. कायद्यानं सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ तुरुंगात राहू शकतं, म्हणून ती दोन वर्षांहून जास्त आईजवळ आत राहिली. सहा पूर्ण झाली आणि तिला बाहेर काढून मुलींच्या बालगृहात ठेवलं. महिन्यातून दोनदा बालगृहाची ताई तिला आईच्या भेटीला न्यायची.

बालगृहाच्या अधीक्षिका जाधवबाई. प्रेमळ, दमलेल्या बाई. त्यांनीच वैशूला आणलं.

"मॅडम, दिवसभर पोरगी सोन्यासारखी," त्या म्हणाल्या. "सांगाल ते ऐकते. संध्याकाळ झाली की बघवत नाही. दिवे लागले की भिंतीला पाठ लावून उभी राहते, हजेरीला उभं राहतात तशी. आणि म्हणते, बाहेरून कुलूप लावा."

"कशाला?"

"खोलीला. सगळ्या मुलींना आत घालून बाहेरून कुलूप लावा म्हणते. मी कसं लावू? उद्या आग लागली तर? नाही लावलं की पलंगाखाली जाऊन बसते. परवा एका मुलीनं दार उघडं टाकलं तर तिला चावली." जाधवबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुरुंगानं लेकराची काय दशा केली बघा."

मला तेव्हाच वाटलं होतं, बरोबर आहे यांचं. तिथूनच चुकायला सुरुवात झाली. मूल अजून दाराबाहेर होतं आणि माझ्या डोक्यात अहवालाचं पहिलं वाक्य तयार झालं होतं.

वैशू आत आली. दोन वेण्या, बालगृहाचा निळा फ्रॉक. 'बस' म्हटल्यावर बसली, 'खेळ' म्हटल्यावर खेळायला लागली. आमच्याकडं शहागंजच्या बाजारातून आणलेलं एक लाकडी घर होतं. त्याचं पुढचं दार उघडायचं, आत लहान बाहुल्या ठेवता यायच्या. तिनं सगळ्या बायकांच्या बाहुल्या निवडून आत कोंबल्या, एक लहान बाहुली मधोमध ठेवली आणि दार लावलं. दाराला कडी नव्हती. तिनं वेणीची रिबीन सोडली आणि घराभोवती गुंडाळून घट्ट गाठ मारली. मग तशीच बसून राहिली. पहिल्या तिन्ही भेटींत हाच खेळ.

मी वहीत लिहिलं, 'कोंडले जाण्याचा प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा मांडते.'

तिसऱ्या भेटीत मी तिला विचारलं, "वैशू, तिथं आत असताना तुला भीती वाटायची का गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. आपली पापणीसुद्धा न हलवता ती बघायची. मग मान हलवली. "व्हय."

"खूप?"

"लई."

झालं. मी अहवाल लिहिला. दीर्घ तुरुंगवासाचा आघात. भीती वाटत होती असे मूल स्वतः सांगते. तुरुंगाच्या वातावरणाशी संपर्क काही काळ टाळावा, आईच्या भेटी तूर्त थांबवाव्यात. भाषा चांगली होती. मला तो अहवाल आवडलासुद्धा होता, खोटं कशाला बोलू? बालकल्याण समितीनं तो मान्य केला आणि भेटी थांबल्या.

वैशू दर आठवड्याला माझ्याकडं येत राहिली. मी वाट बघत होते की ती आता सुधारेल. पहिल्या महिन्यात ती जेवण निम्मं टाकायला लागली. दुसऱ्यात अंथरूण ओलं व्हायला लागलं. तिसऱ्यात बोलणं बंद झालं. जाधवबाई सांगायच्या, कानामागचे केस एकेक करून उपटते. तिथं रुपयाएवढी जागा मोकळी दिसत होती. मी म्हणायचे, आत साठलेलं बाहेर येतंय, थोडा धीर धरा. आमच्या धंद्यात हे वाक्य फार सोयीचं आहे. मूल बरं झालं तर उपचाराचं यश, बिघडलं तरी उपचाराचीच पायरी.

एका दुपारी वैशू गेल्यावर शकीलाबी खेळणी पुसत होत्या. लाकडी घरावरची रिबीन सोडता सोडता म्हणाल्या, "मैडम, एक बात बोलूं? गुस्सा नक्को करो."

"बोला ना."

"तुम लिखते, बच्ची डरके बंद करती करके. मैं तो रोज देखरी. डरती तो गाठ मारने के पैले. गाठ मारे बाद उसके खांदे नीचे आते. सुकून हो जाता उसकू."

शकीलाबींनी घर कपाटात ठेवलं.

"तुम उस टाइम कागज पे देखते रहते," त्या म्हणाल्या. "लिखते रहते ना. मैं मुँह देखती."

त्या रात्री नाही, तिथंच, त्याच खुर्चीत बसून मी वही उघडली. तीन महिन्यांच्या नोंदींत खेळ होता, खेळाचा अर्थ होता. गाठ मारल्यानंतरचा चेहरा एकाही पानावर नव्हता. आणि मग ती ओळ दिसली. 'भीती वाटायची का?' असं मीच विचारलं होतं. शिकाऊ मुलीनं असा प्रश्न विचारला असता तर मी तिला बाहेर नेऊन झापलं असतं. चेहरे वाचून जगलेल्या मुलीसमोर मी काळजीचा चेहरा करून बसले होते आणि हवं ते उत्तर तिच्या हातात ठेवलं होतं. तिनं ते मुकाट्यानं मला परत दिलं.

पुढच्या आठवड्यात मी वही बाहेर ठेवली. वैशूनं बाहुल्या आत घातल्या, दार लावलं, रिबीन गुंडाळली. गाठ बसली आणि खरंच, तिचे खांदे खाली आले. मी तिच्याइतकी खाली वाकले आणि घराकडं बघत, तिच्याकडं नाही, म्हटलं, "आत कोण कोण आहे?"

तीन आठवडे तिनं शब्द काढला नव्हता.

"मी. मम्मी. समद्या मावश्या."

"आणि बाहेर?"

तिनं हात लांब करून खेळण्यांच्या टोपलीतला एकुलता एक पुरुष बाहुला काढला. घरापासून लांब, सतरंजीच्या अगदी टोकाला नेऊन आडवा ठेवला.

"कुलूप लावलं का मग नाय येत," ती म्हणाली. "आमच्या घरची कडी मोडली व्हती. पप्पानंच मोडली."

मी दुसऱ्या दिवशी परवानगीसाठी अर्ज केला आणि चार दिवसांनी रिक्षानं हर्सूलला गेले. तलावाच्या बाजूनं रिक्षा जाताना मी मनात वाक्यं जुळवत होते. काय सांगायचं त्या बाईला?

सुनंदा माझ्यापेक्षा कितीतरी लहान होती. हात पदराला पुसत आली, समोर बसली. मी कोण ते सांगण्याआधीच तिनं विचारलं, "मॅडम, मपली पोरगी रुसली का माझ्यावर? तीन महिनं झालं, तोंड दावलं नाय. कुणी म्हणतं आजारी हाय, कुणी म्हणतं येत नाय म्हणती."

"ती रुसलेली नाही," मी म्हणाले. "भेटी मी थांबवल्या. मला वाटलं, तुरुंगाच्या भीतीनं ती अशी झालीय. तसं मी लिहून दिलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. वैशू बघायची तसंच. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मॅडम, हितं पहिल्या दिवशी आलो ना आमी," ती सावकाश बोलायला लागली. "संध्याकाळी बायांची मोजणी झाली आन् बाहेरून कुलूप घातलं. मला रडू आवरंना. पोरीनं माझी हनुवटी धरली आन् म्हणली, मम्मी, आता बाहेरून कुणी येऊ शकत नाय ना? म्हणलं, नाय. खरंच नाय? म्हणलं, खरंच नाय बाई. तशी झोपली. पार उजाडंस्तोवर. तेवढ्या उमरीत पहिल्यांदा अशी झोपली ती." पदर सारखा करत ती म्हणाली, "मी बी."

मी कशाबशा दोन-चार गोष्टी विचारल्या. घरात काय व्हायचं, किती वर्षं, पोरगी कुठं असायची तेव्हा. ती सांगत गेली. ते सगळं इथं लिहायचं कारण नाही. कडी मोडल्यावर ती दाराला जातं लावायची आणि ते सरकल्याचा आवाज आला की वैशू कणगीमागं जायची, एवढं सांगितलं तरी पुरे. उठताना मी म्हणाले, "माझं चुकलं." ती म्हणाली, "पोरीला आणा मॅडम. बाकी काय नाय."

दुसरा अहवाल लिहिला तो सोप्या भाषेत. समितीच्या अध्यक्षपदी एक वयस्कर वकील होते. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर नेला.

"बाई, तीन महिन्यांपूर्वी याच सहीनं नेमकं उलटं लिहिलं आहे."

"हो साहेब. सही माझीच आहे."

"मग तेव्हाची मुलगी वेगळी होती?"

"मुलगी तीच होती. तेव्हा मी तिला विचारलं नव्हतं साहेब, सांगितलं होतं. तिनं फक्त हो म्हटलं."

तोवरच्या नोकरीत मी इतकी लहान कधी झाले नव्हते. अध्यक्षांनी पहिला कागद बाजूला केला आणि दुसऱ्यावर आदेश लिहायला घेतला. लिहिता लिहिता, वर न बघता म्हणाले, "परत आलात हे बरं केलंत. बरेच जण येत नाहीत."

पहिल्या भेटीला मी स्वतः वैशूबरोबर गेले. ती रिक्षात ताठ बसली होती. मुलाखतीच्या खोलीत सुनंदा आली तरी वैशू जागची हलली नाही. आईसमोर दोन हातांच्या अंतरावर उभी, तिचा चेहरा वाचत. सुनंदा खाली बसली. जवळ ये म्हणाली नाही, हात पसरले नाहीत. आपली एक वेणी पुढं घेऊन सोडली आणि म्हणाली, "वैशू, मला घालून दे बरं. हितल्या मावशीला नीट येत नाय." वैशू गेली, आईच्या पाठीमागं बसली आणि वेणी घालायला लागली. भेटीची वेळ संपेपर्यंत ती वेणी सोडत आणि घालत होती. मला कुठल्याही पुस्तकात न सापडलेला उपचार त्या बाईनं तिथं करून दाखवला.

बालगृहात आम्ही दुसरा उपाय केला. बाहेरून कुलूप नाही, पण आतून कडी. जाधवबाईंनी सुताराला बोलावून वैशूच्या छातीच्या उंचीवर कडी बसवली, बाहेरून गरज पडली तर उघडता येईल अशी. पहिले काही आठवडे वैशू संध्याकाळी ती दहा-दहा वेळा लावून बघायची. इतर मुली वैतागायच्या. मग पाच वेळा, मग दोनदा. पावसाळा संपता संपता जाधवबाईंचा फोन आला. "मॅडम, काल वैशू कडी लावायला विसरली. मीच जाऊन लावू का?" म्हटलं, "बाई, अजिबात हात लावू नका." आम्ही दोघी फोनवर किती तरी वेळ हसत होतो. शकीलाबींना सांगितलं तर त्यांनी त्या दिवशी चहात वेलदोडा घातला.

मूल असं एका फोनानं बरं होत नाही. पुढं दोन वर्षं वैशू येत राहिली. मध्ये ती पुन्हा कोलमडली, शाळेत एका मास्तरांनी टेबलावर छडी आपटली तेव्हा. पुन्हा सावरली. केस परत आले. वैशू अकरा वर्षांची असताना, अपिलात शिक्षा कमी होऊन सुनंदा सुटली. शहरातच भाड्याची खोली घेतली, एका मेसमध्ये पोळ्या करायला लागली. शकीलाबी आता नाहीत. त्या गेल्या तेव्हा वैशू आईला घेऊन त्यांच्या घरी जाऊन आली, हे मला नंतर कळलं.

ही गोष्ट मी अनेक ठिकाणी सांगितली. तरुण समुपदेशकांना शिकवताना तर नेहमीच. आपली चूक आपणच सांगितली की लोक आदरानं बघतात. मलाही कुठंतरी वाटायचं, चूक झाली पण आपण ती निस्तरली. समितीपुढं कबूल केली, आईसमोर कबूल केली. हिशेब पुरा झाला.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी वैशू माझ्या घरी आली. एकवीस वर्षांची झाली आहे. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स करून वाळूजला एका कारखान्यात लागली आहे. आल्या आल्या तिनं माझ्या दिवाणखान्यातला लुकलुकणारा दिवा बघितला आणि स्टूल मागितलं. दिवा दुरुस्त झाला. मग पिशवीतून एक फाईल काढली.

"केंद्रानं जागा बदलली ना, तवा जुनी कागदं आवरत होते. मी अर्ज करून माझी घेतली," ती म्हणाली. "आठवडा झाला वाचतेय."

तिनं पहिला अहवाल माझ्यासमोर ठेवला. एका ओळीवर बोट होतं. "हे मी बोलले? 'भीती वाटत होती असे मूल स्वतः सांगते.'"

"तू हो म्हणाली होतीस," मी म्हणाले. "मी विचारलंच तसं होतं. तुझी चू..."

"मला आठवतंय ते," तिनं मध्येच म्हटलं. "तुमी विचारलं, मी व्हय म्हणले. तुमाला तेच पायजे होतं असं वाटलं. आन् मग मम्मीकडं जायचं बंद झालं." ती फाईलीचा कोपरा दुमडत होती. "मला वाटलं, मी व्हय म्हणले म्हणून बंद झालं. मम्मीला कुणीतरी सांगितलं असंल, तुझी पोरगी तुला भिते. म्हणून ती बोलवत नाय."

"असं कधीपर्यंत वाटत होतं तुला?"

तिनं दुसऱ्या अहवालावर हात ठेवला. "हे वाचलं तोवर."

म्हणजे मागच्या आठवड्यापर्यंत. पंधरा वर्षं.

आमच्या कामातला पहिला धडा आहे. काहीही वाईट घडलं की मूल आधी स्वतःला दोषी धरतं, म्हणून त्याला विचारा, 'हे कुणामुळं झालं असं तुला वाटतं?' मी हा प्रश्न शेकडो मुलांना विचारला. वडील कुणामुळं मारायचे, हे वैशूलाही विचारलं होतं. पण ते तीन महिने कुणामुळं झाले, हे नाही. कारण ते तिच्यावर माझ्याकडून घडलं होतं, आणि माझ्या वहीत माझ्यासाठी रकाना नव्हता. मी समितीची माफी मागितली, आईची मागितली. जिच्या सहा वर्षांच्या तोंडातून मी ते उत्तर काढलं, तिला एकदाही सांगितलं नाही की बाळा, तुझं काही चुकलं नाही.

मी खुर्चीवरून उठले. या वयात गुडघे ऐकत नाहीत, तरी तिच्या समोर जमिनीवर बसले. "वैशू, तुझं काहीच चुकलं नव्हतं. मी चुकीचं विचारलं, मी चुकीचं लिहिलं. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. राहून गेलं. मला माफ कर."

तिनं माझा चेहरा बघितला. बराच वेळ, न हलता. मी तो तसाच राहू दिला.

"तुमाला खरंच वाटतंय, का मला बरं वाटावं म्हणून म्हणताय?"

"खरंच वाटतंय."

"मग लिहून द्या," ती म्हणाली. "ते दोन लिहिलेत ना, तसं. या फाईलीत लावते."

मी कागद घेतला. निवृत्तीनंतर हातात पेन धरायची सवय गेली आहे. तारीख घातली, तिचं खरं नाव लिहिलं आणि खाली एकच वाक्य लिहिलं, 'आईच्या भेटी तीन महिने थांबल्या, यात बहुधा या मुलीचा काहीही दोष नव्हता.'

तिनं ते मन लावून वाचलं. मग कागद माझ्याकडं परत सरकवला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे 'बहुधा' काढा."

जन्मभर अहवाल लिहिणारा हात, सवयीनं लिहून गेला होता. मी 'बहुधा' खोडलं आणि खोडलेल्या जागेशेजारी सही केली.